धर्माकडे सामाजिक प्रश्नांचे उत्तर मागणारा महर्षी

२०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला मंदिराबाबत निकाल दिला. या दोन्ही वेळी महाराष्ट्रात एकच जुना वाद नव्याने पेटला. समाज सुधारायचा तर धर्म बाजूला ठेवला पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. धर्म हा श्रद्धेचा विषय असल्याने सुधारणेच्या नावाखाली त्याला कोणी हात लावू नये, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. हे दोन्ही पक्ष परस्परांचे कडवे विरोधक असले, तरी एका गोष्टीवर त्यांचे नकळत एकमत होते. धर्म आणि सामाजिक प्रश्न या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे दोघांनीही गृहीत धरले होते.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हे गृहीतकच नाकारणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. अस्पृश्यता, देवाला मुली वाहण्याची चाल, शिमग्यातील बीभत्सपणा, शेतकऱ्याची दैना हे सारे धर्माचेच प्रश्न आहेत आणि धर्माला त्यांची उत्तरे देता येत नसतील तर तो धर्म या नावाला पात्र नाही, या श्रद्धेवर त्याने आपले आयुष्य उभे केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे त्याचे नाव. या श्रद्धेची जी किंमत त्यांना मोजावी लागली, तिची आठवण आज फारशी कोणाला नाही.

वारकऱ्याचे घर

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेले हे गाव त्या काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. वडील रामजी संस्थानच्या नोकरीत होते. आई यमुनाबाई कष्टाळू आणि मायाळू होत्या. घराणे मराठा आणि परंपरा वारकरी पंथाची. पंढरीची वारी, भजन, पोथ्यांचे वाचन हा घराचा नित्यक्रम होता. गावात मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा चालत आणि मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान असे सारे शेजारी नांदत. घरात पाहुण्यांची वर्दळ असे आणि आल्यागेल्याची जात विचारण्यापेक्षा त्याला जेवू घालण्याकडे आईवडिलांचा कल असे. पुढे जगातील धर्मांचा तौलनिक अभ्यास केलेल्या शिंद्यांनी धर्माचा पहिला धडा या घरातच गिरवला होता.

त्याच घराने त्यांना परंपरेची दुसरी बाजूही दाखवली. विठ्ठलरावांचे लग्न त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अगदी लहानपणी लावून देण्यात आले. त्यांची बहीण जनाबाई हिचेही लग्न असेच बालवयात झाले आणि सासरी तिच्या वाट्याला छळ आला. बहिणीला पुन्हा त्या घरी धाडायचे नाही, तिला शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करायचे, असे भावाने ठरवले. पुण्यात स्वतःच्या शिक्षणाची भ्रांत असतानाही त्यांनी जनाबाईंना तेथे नेऊन शाळेत घातले. हीच जनाबाई पुढे भावाच्या सर्व कार्यात त्याचा उजवा हात ठरली. शिंद्यांच्या सामाजिक सुधारणेचा आरंभ ग्रंथांतून नव्हे, तर घरातील या दुःखातून झाला.

श्रद्धा गेली आणि परतली

मॅट्रिक झाल्यावर १८९३ मध्ये शिंदे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची शिष्यवृत्ती हा त्यांचा मुख्य आधार होता. महाविद्यालयात मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ हाती आले आणि लहानपणापासूनच्या भाविकपणाला तडे गेले. जुने देव राहिले नाहीत आणि नवे सापडले नाहीत, अशा अवस्थेत काही वर्षे गेली. इंग्रजी शिकलेल्या त्या पिढीतील अनेकांच्या वाट्याला ही अवस्था आली. काही जण तेथेच थांबले, तर काही जुन्या कर्मठपणाकडे परतले.

शिंद्यांना तिसरी वाट दिसली ती प्रार्थना समाजात. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या समाजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अग्रणी होते. एकच निराकार ईश्वर, मूर्तिपूजेचा आणि ग्रंथप्रामाण्याचा त्याग आणि संतांच्या अभंगांना उपासनेत मानाचे स्थान, हे या पंथाचे विशेष. बुद्धीला पटणारा, तरीही तुकोबांशी नाते न तोडणारा हा धर्म वारकऱ्याच्या घरातून आलेल्या तरुणाला आपलासा वाटला नसता तरच नवल. अमेरिकेतील युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. संडरलंड यांच्या पुण्यातील व्याख्यानांचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. १८९८ मध्ये ते बी.ए. झाले आणि त्याच सुमारास त्यांनी प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली. ते कायद्याच्या अभ्यासालाही लागले होते. वकील होऊन घराचे दारिद्र्य फेडावे, ही आप्तांची स्वाभाविक अपेक्षा होती. ती बाजूला सारून त्यांनी धर्मप्रचारक होण्याचे ठरवले.

ऑक्सफर्डचा विद्यार्थी

युनिटेरियन पंथाच्या ब्रिटिश संस्थेकडून ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती दिली जात असे. तिच्यासाठी शिंद्यांची निवड झाली. प्रवासखर्चाची अडचण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दूर केली. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे शिंदे ऑक्सफर्डला होते. डॉ. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानांकडे त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. बौद्ध धर्म आणि पाली भाषा यांचाही अभ्यास त्यांनी याच काळात केला.

या शिक्षणाने त्यांना एक दृष्टी दिली. धर्म आकाशातून सगळाच्या सगळा खाली पडत नाही. तो माणसांच्या इतिहासात घडतो, वाढतो, बिघडतो आणि सुधारतोही. एखादी रूढी केव्हा आणि का सुरू झाली, हे शोधता आले तर तिचे पावित्र्य तपासता येते. हे शस्त्र पुढे त्यांनी अस्पृश्यतेवर चालवले.

दुसरा धडा त्यांना वर्गाबाहेर मिळाला. इंग्लंडमधील शहरांच्या गरीब वस्त्यांत युनिटेरियन मंडळींनी सेवाकार्याची ठाणी उघडली होती. तेथे उपासना चाले, तशीच शाळा, वाचनालये आणि आजाऱ्यांची शुश्रूषाही चाले. ही कामे शिंद्यांनी हिंडून पाहिली. मायदेशी आपल्या प्रार्थना मंदिरात दर आठवड्याला होणारी सुंदर प्रवचने त्यांना आठवली असतील, तर त्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आणि तेथील कोणीही न पाहिलेल्या वस्त्याही आठवल्याच असतील. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातील उदार धर्माविषयी निबंध सादर करून ते त्याच वर्षी परतले.

भिंगारची रात्र

परत आल्यावर शिंदे मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. तरुणांचे संघ बांधणे, 'सुबोध पत्रिके'त लेखन करणे, गावोगावी व्याख्याने देणे हा त्यांचा क्रम सुरू झाला. त्याच सुमारास सयाजीरावांच्या सांगण्यावरून त्यांनी बडोदा संस्थानातील अंत्यजांच्या शाळांची पाहणी केली. प्रचारदौऱ्यांत ठिकठिकाणच्या अस्पृश्य वस्त्यांतही ते जाऊ लागले. १९०१ च्या खानेसुमारीचे आकडे घेऊन त्यांनी देशातील अस्पृश्यांच्या संख्येचा हिशेब मांडला. हिंदू समाजाचा एवढा मोठा भाग समाजाबाहेर ठेवलेला आहे, हे सुशिक्षितांना त्या आकड्यांनी प्रथमच स्पष्ट दाखवले.

१९०५ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे महार मंडळींनी रात्रीच्या वेळी एक सभा बोलावली आणि शिंद्यांना तेथे नेले. दिवसभर राबणाऱ्या माणसांना सवड रात्रीच मिळे. त्या सभेतील माणसांनी त्यांच्याकडे धर्मतत्त्वे मागितली नाहीत. आपल्या मुलांच्या शिक्षणाचे काय, आपल्या माणूसपणाचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्या रात्री शिंद्यांनी मनाशी केलेला निश्चय पुढील वर्षी प्रत्यक्षात उतरला.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना झाली. मराठीत तिला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी हे नाव मिळाले. अध्यक्षस्थान सर नारायण चंदावरकर यांनी स्वीकारले आणि सरचिटणीस शिंदे झाले. आरंभ एका शाळेने झाला. शिक्षणाचा प्रसार, उद्योगधंद्यांची सोय, सामाजिक अडचणींचे निवारण आणि उदार धर्म व शील यांचा उपदेश, असे तिचे हेतू ठरवण्यात आले. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. उपदेश सर्वांत शेवटी आहे. आधी पाटी, मग पोट, मग प्रतिष्ठा आणि त्यानंतर प्रवचन.

सारे कुटुंब वस्तीत

मिशनचे काम म्हणजे शिंद्यांच्या सबंध कुटुंबाचे काम झाले. आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई आणि बहीण जनाबाई हे सर्व अस्पृश्य मुलांच्या सहवासात राहू लागले. जनाबाईंनी घरोघर जाऊन आजारी बायकामुलांची शुश्रूषा केली. वामनराव सोहोनी, सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखे सहकारी मिळाले. शाळांबरोबर वसतिगृहे आली. शिवणकाम, पुस्तकबांधणी यांसारखे उद्योग शिकवले जाऊ लागले. भजनसमाज आणि व्याख्यानेही सुरू झाली. काही वर्षांतच पुणे, मनमाड, अकोला, हुबळी, मंगळूर, मद्रास अशा दूरदूरच्या ठिकाणी मिशनच्या शाखा उभ्या राहिल्या.

त्या काळात अस्पृश्यांच्या वस्तीत राहणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. सवर्ण शेजारी दुरावत. भाड्याने घर मिळणे मुश्कील होई. स्वतःच्या जातीत सोयरीक जुळणे अवघड होई. प्रार्थना समाजातील सगळ्या सभासदांनाही हे रुचत होते, असे नाही. मंदिरात एकेश्वराची उपासना करणारे अनेक जण घरी जातीचे निर्बंध पाळत. उपासनेतील समता जेवणाच्या पंगतीपर्यंत पोहोचलेली नव्हती. शिंद्यांना हा दुटप्पीपणा सोसवत नव्हता. मतभेद वाढत गेले आणि १९१० मध्ये त्यांनी समाजाच्या प्रचारकपदाचा त्याग केला. उपासना मात्र सोडली नाही.

देवाच्या नावावर

शिंद्यांच्या धर्मविचाराची कसोटी लागली ती देवाच्या नावावर चालणाऱ्या प्रथांमध्ये. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याची चाल तेव्हा राजरोस होती. आईबाप नवस फेडण्यासाठी पोटची मुलगी देवाला अर्पण करीत आणि ती मुरळी म्हणून अनीतीच्या बाजारात लोटली जाई. ही चाल धर्माची असल्याने तिच्याबद्दल बोलू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते. शिंद्यांनी तिच्या प्रतिबंधासाठी मोहीम उघडली. लेख लिहिले, माहिती गोळा केली आणि कायद्याचा आग्रह धरला. भाविकांच्या श्रद्धेची त्यांनी टवाळी केली नाही. मुलीचे आयुष्य नासवणारा नवस देवाला पोहोचत नाही, हे भाविकालाच पटवून देण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

शिमग्याच्या बाबतीतही त्यांचे धोरण असेच राहिले. मुंबईच्या गिरणगावात आणि पुण्यात होळीच्या दिवसांत शिवीगाळ, दारू आणि स्त्रियांची विटंबना यांना ऊत येई. सण बंद करा, अशी मागणी शिंद्यांनी केली नाही. त्याच दिवसांत त्यांनी होलिका संमेलने भरवली. खेळ, व्याख्याने, कीर्तने यांकडे तरुणांना वळवले. सण लोकांचा आहे, तो लोकांकडून काढून घेता येत नाही, त्यातील घाण मात्र काढता येते, असा त्यांचा हिशेब होता. वारीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला सणाचे बळ ठाऊक होते.

पुण्यातील परिषद आणि अहिल्याश्रम

१९१२ मध्ये शिंद्यांनी पुण्याला मुक्काम हलवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात अस्पृश्यता निवारणार्थ परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भांडारकर. संस्कृत विद्येतील ज्यांच्या अधिकाराबद्दल सनातन्यांनाही शंका नव्हती, अशा पंडिताने या परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारावे, यात शिंद्यांची योजकता दिसते. शास्त्राचा आधार सांगून अस्पृश्यता टिकवू पाहणाऱ्यांना शास्त्रज्ञाकडूनच उत्तर मिळाले. परिषदेच्या वेळी स्पृश्य आणि अस्पृश्य यांचे सहभोजनही झाले. पेशव्यांच्या पुण्यात हे धाडस लहान नव्हते.

नाना पेठेत नगरपालिकेने मिशनला जागा दिली. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांची भरीव देणगी आली आणि अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ त्या वास्तूला अहिल्याश्रम हे नाव मिळाले. अस्पृश्य मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह असलेले ते शहरातील एक महत्त्वाचे केंद्र झाले.

शाळा उघडून प्रश्न सुटणार नाही, त्याला राजकीय चळवळीचे पाठबळ हवे, हेही शिंद्यांना उमगले होते. काँग्रेसने सामाजिक प्रश्नांना हात लावू नये, असा दंडक बरीच वर्षे चालत आला होता. त्यांच्या पाठपुराव्याला यश येऊन १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता येथे भरलेल्या अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव संमत झाला. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय परिषद झाली. सयाजीराव गायकवाड तिचे अध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. प्रत्येकाने आपल्या व्यक्तिगत व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर मात्र त्यांनी सही केली नाही. व्यासपीठावरील धर्म आणि घरातील धर्म यांतील अंतर शिंद्यांनी या प्रसंगी पुन्हा एकदा अनुभवले.

ज्यांच्यासाठी केले त्यांच्याशी मतभेद

येथून शिंद्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण पर्व सुरू होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या निमित्ताने कायदेमंडळात अस्पृश्यांना प्रतिनिधित्व कसे द्यावे, हा प्रश्न पुढे आला. समाजाचे तुकडे करणारी कोणतीही व्यवस्था शिंद्यांना मान्य नव्हती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, असा त्यांचा एक पर्याय होता. याच साउथबरो समितीपुढे डॉ. भीमराव आंबेडकर यांनीही १९१९ मध्ये साक्ष दिली. आपले प्रतिनिधी आपणच निवडले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. मे १९२० मध्ये शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे भरलेल्या परिषदेत शिंद्यांच्या मताविरुद्ध ठराव झाला.

सुमारे दीड दशक ज्यांच्यासाठी राबावे, त्यांच्याच परिषदेत आपला निषेध व्हावा, हे दुःख केवढे असेल. तरीही या वादाकडे उपकार आणि कृतघ्नता या नजरेने पाहणे अन्यायाचे होईल. शिंदे ज्या समाजासाठी बोलत होते, तो समाज आता स्वतः बोलू लागला होता. त्यांच्या शाळांचेही ध्येय याहून वेगळे नव्हते. शिंद्यांची भाषा बंधुभावाची होती, नव्या पिढीची भाषा हक्काची होती. बंधुभावावर विसंबून राहण्याचा अनुभव त्या पिढीला कडू वाटत होता आणि तसे वाटण्याला पुरेशी कारणे होती.

ब्राह्मणेतर चळवळीशीही त्यांचे पूर्ण जमले नाही. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव असलेली जागा त्यांना सोपी होती. ती नाकारून ते पुण्याच्या सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. ब्राह्मणांना ते ब्राह्मणेतर वाटत, ब्राह्मणेतरांना ब्राह्मणधार्जिणे वाटत, सनातन्यांना धर्मबुडवे वाटत आणि राजकारण्यांना भाबडे वाटत. जातीच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसाला जागा देण्याची सवय आपल्या समाजाला तेव्हाही नव्हती. १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून दूर झाले.

वैकोम, ब्रह्मदेश आणि येरवडा

त्यानंतर ब्राह्म समाजाचे प्रचारक म्हणून शिंदे मंगळूरला गेले. १९२४ मध्ये त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालू द्यावे, यासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिंदे तेथे जाऊन आले. मंदिरातील मूर्तीवर त्यांची श्रद्धा नव्हती. पण देवळाच्या वाटेवरून माणसाला हाकलून देणे हा ईश्वराचा अपमान आहे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

१९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले. जन्माने कोणी उच्च वा नीच नाही, असे सांगणाऱ्या बुद्धाचा तो देश. तेथेही पॅगोडांच्या सेवेशी जखडलेले आणि इतरांनी दूर ठेवलेले गट शिंद्यांना आढळले. हे निरीक्षण त्यांनी काळजीपूर्वक नोंदवून ठेवले. तत्त्व कितीही उदात्त असले, तरी समाज त्याला वाकवतो. म्हणून तत्त्व बदलून भागत नाही, व्यवहार रोज तपासावा लागतो, हा धडा त्यातून निघतो.

शेतकऱ्यांचा प्रश्नही त्यांनी याच काळात हाती घेतला. लहान शेतकऱ्यांच्या जमिनींवर परिणाम करणाऱ्या विधेयकाविरुद्ध १९२८ मध्ये पुण्यात भरलेल्या शेतकरी परिषदेत ते अग्रभागी होते. १९३० च्या कायदेभंगात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. तेथे त्यांनी रोजनिशी लिहिली. तुरुंगातही उपासनेत खंड पडला नाही.

१९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचे मूळ कोठे आहे, ती कशी रुजली, अस्पृश्य मानलेल्या जातींचा पूर्वेतिहास काय, याचा शोध त्यांनी भाषा, इतिहास आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे घेतला. आज अस्पृश्य ठरलेले अनेक समाज एके काळी सत्ताधारी होते आणि पराभवानंतर त्यांना खाली लोटण्यात आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातील काही निष्कर्षांवर पुढील अभ्यासकांनी वाद घातला आहे. पण अस्पृश्यतेला ईश्वरी आज्ञेच्या आसनावरून खाली ओढून इतिहासाच्या न्यायालयात उभे करण्याचे काम या ग्रंथाने केले. ऑक्सफर्डला शिकलेली तौलनिक धर्माची विद्या येथे सार्थकी लागली.

घरातील उपासना

अखेरच्या दशकात शिंद्यांचे लक्ष पुन्हा घराकडे वळले. कौटुंबिक उपासनेची कल्पना त्यांनी मांडली. कुटुंबातील स्त्री-पुरुष आणि लहानथोर यांनी शेजाऱ्यांसह एकत्र बसून प्रार्थना करावी, तिला पुरोहित नको आणि जातीची अटही नको. संस्था, ठराव आणि परिषदा यांचा अनेक वर्षांचा अनुभव घेतल्यावर ते या साध्या जागी आले होते. जात घरात शिकवली जाते, तेव्हा तिचे विस्मरणही घरातच घडवले पाहिजे, हे त्यामागील सूत्र होते.

'माझ्या आठवणी व अनुभव' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील अत्यंत प्रांजळ आत्मकथनांपैकी एक आहे. मराठी आणि कानडी या भाषांच्या नात्यावर त्यांनी संशोधनपर लेखन केले. भागवत धर्माच्या इतिहासाचाही त्यांनी अभ्यास केला. प्रकृती खालावत गेली, माणसे पांगली. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी अंमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या अनुच्छेदाद्वारे अस्पृश्यता नष्ट केली. तो दिवस पाहायला शिंदे नव्हते.

मराठी समाजाने त्यांना महर्षी म्हटले आणि मग बराच काळ विसरून टाकले. गो. मा. पवार यांनी अनेक वर्षे खपून त्यांचे चरित्र सिद्ध केले आणि त्या ग्रंथाला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कोठे नव्या वाचकांना या माणसाची ओळख झाली.

न मिटलेला प्रश्न

शिंदे यशस्वी झाले की अयशस्वी? त्यांनी ज्या धर्माची सुधारणा आरंभली, त्यात अस्पृश्यांना सन्मानाची जागा मिळेल, ही आशा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धर्म स्वीकारला. शिंद्यांच्या आशेला ते सर्वांत सडेतोड उत्तर होते. परंतु याच घटनेत शिंद्यांच्या म्हणण्याला एक पुष्टीही मिळते. जुने घर राहण्यायोग्य उरले नाही, असा निर्णय बाबासाहेबांनी घेतला. पण घरच नको, असे तेही म्हणाले नाहीत. समाजाला नीतीचा आधार म्हणून धर्म लागतो आणि तो समतेच्या कसोटीला उतरला पाहिजे, येथे दोघांचे मार्ग पुन्हा जवळ येतात.

मंदिरप्रवेश, जातपंचायतींचे बहिष्कार, बुवाबाजी यांवर आज कायदे आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धही कायदा केला. हे कायदे हवेतच, मुरळीच्या प्रथेविरुद्ध शिंद्यांनीही कायदाच मागितला होता. पण बहिष्काराच्या आणि जातीच्या नावाखाली होणाऱ्या अत्याचाराच्या बातम्या वृत्तपत्रांतून थांबलेल्या नाहीत. त्या बातम्या येतात अशा गावांतून, जेथे सप्ताह बसतात, दिंड्या निघतात आणि समतेचे अभंग टाळमृदंगाच्या गजरात गायिले जातात.

धर्म कालबाह्य झाला की नाही, यावर चर्चा करण्यात शिंद्यांनी फारसा वेळ घालवला नसता. त्यांनी बहुधा आपल्याला त्या गावात नेले असते, दिंडी संपल्यावर पंगत कोठे बसली आहे ते पाहायला सांगितले असते आणि तिच्यात कोण नाही, याची नोंद करून घेतली असती. भिंगारच्या सभेनंतर आयुष्यभर त्यांनी हेच केले. ती नोंद आज कोण ठेवतो, हा प्रश्न भाविकांनाही विचारला पाहिजे आणि धर्माकडे पाठ फिरवलेल्या सुधारकांनाही.